सलामीचा हात आधी कोणाचा?

गड्यांनो, सकाळपासून माह्यं डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या रिठदच्या आखाड्यात थोरल्या पैलवानांची जोड झाल्याबिगर कोणी मातीत उतरत नाही. थोरले म्हंजे मी अन् गणपत. जोडीआधी धाकट्यानं हात पुढं करून सलामी द्यायची, अशी रीत. मी वयानं मोठा, पण आखाड्यात तो माह्या आधी आलेला.

रोज कोणी आधी हात द्यायचा ते वस्ताद सांगत, पण आज ते गावाले गेलेले. आमी दोघं मातीत समोरासमोर उभे राह्यलो.

"दे सलामी," तो म्हणे.

"तू दे आधी."

लंगोट कसलेले पोरं काठावर वाट पाहून राह्यले होते. ऊन चढलं, तसे बैलं जुंपायले निघून गेले. कोणाच्याच आंगाले माती लागली नाही.

आता मले चैन पडून नाही राह्यलं. उद्या मीच हात पुढं करतो.

पण मंग मी नमलो म्हणून गणपत गावभर सांगत फिरला तं?