दोऱ्याचे दुसरे टोक

माझ्या पत्नीच्या समाधानासाठी मोजणीदारांनी अंतर कमी सांगितले, असे शहापुरात आजही बोलतात. साफ खोटे! दोऱ्याचे दुसरे टोक मी धरले होते.

ते प्रत्येक माप दोनदा घेत. ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारत नसत. माझ्याच बांधाच्या वादात त्यांनी माप माझ्याविरुद्ध दिले होते.

मुलगी टोरांटोला गेली आणि हिने जेवण टाकले. मोजणीदार शाळेतला पृथ्वीगोल घेऊन आले. मुंबईपासून टोरांटोपर्यंत दोरा दोनदा ताणला.

“एक वीत, चार बोटं. विमान एवढंच उडतं, काकी.”

“चार बोटं सोडा ना, भाऊ.”

“नाय जमायचं. बांधावर काकांना सोडली का?”

ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली. दोरा मनगटाला गुंडाळून तिने ताट वाढून घेतले.

बांध गेला, त्याचे मला दुःख उरलेले नाही.