‘मिझरी’खालचं वाक्य

शाळकरी मुलांसाठीच्या इंग्रजी-मराठी कोशाचं काम मी नागपुरात घरी बसून करत होते. शब्द, त्याचे अर्थ, आणि प्रत्येक अर्थाला एक इंग्रजी वाक्य, खाली त्याचं मराठी. वाक्यं आपली आपण रचायची. मी ‘गाय गवत खाते’ छापाची वाक्यं लिहून मोकळी होत असे. मग ‘मिझरी’ आला.

दुःख, क्लेश, हालअपेष्टा, दैन्य. इंग्रजांनी रडतोंड्या माणसालाही हाच शब्द ठेवलाय. अर्थ भराभर झाले, पण पहिल्याच अर्थाचं वाक्य लिहायला घेतलं आणि दादा आठवला.

आमच्याकडे लेक पोचल्याशिवाय बापाला उचलत नाहीत. लोक अंगणात ताटकळतात, कुरकुरतात, पण थांबतात. बाबा गावी, मौद्याला वारले तेव्हा मी नागपुरात, तासाभराच्या रस्त्यावर. दादाने फोन केला तो सरण पेटल्यावर. मी माझ्या मनाने लग्न केलेलं, चार लोकांत माझं येणं त्याला नको होतं. बाबांचं तोंड मला दिसलं नाही. तेव्हापासून मी त्याच्यावर दात धरून होते.

मी लिहिलं, ‘भावाने बहिणीची वाट न पाहता वडिलांना अग्नी दिला; तिच्या दुःखाला पार नव्हता.’ संपादकांनी शेरा मारला, “वाक्य लांबलं, पण अर्थ चपखल.” छापून आलं तेव्हा जिवाला असा गारवा वाटला की काय सांगू.

दादा मौद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. कोश वर्गातच उघडायचा आणि आधी न पाहता वाक्य मोठ्याने वाचायचं, ही त्याची जुनी खोड. धड्यात ‘मिझरी’ आला, त्याने आमच्या कोशातलं वाक्य ठणठणीत आवाजात वाचलं. निम्मी पोरं आमच्याच आळीतली. बाबांना उचललं त्या दिवशी त्यांच्या घरची माणसं अंगणात होती.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

“काहून लिहिलं वं असं? पोरं माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती!”

“तुहं नाव हाय का त्यात?”

“नाव कायले पाहिजे? साऱ्या गावाले माहीत हाय.” त्याचा आवाज चिरकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. “अवं, छापायच्या आधी मले एक फोन तं करायचा होता!”

“हो न, दादा,” मी म्हटलं. “एक फोन तं करायचाच असते.”