वेळणेश्वरचा घुसमटलेला आवाज

रविवार, संध्याकाळ. मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज मात्र लिहिल्याशिवाय चिडचिड जाणार नाही.

सकाळी आम्हा हौशी रेडिओवाल्यांची वादळासाठीची रंगीत तालीम होती. वेळणेश्वरहून बंडूकाकांनी, म्हणजे आमच्यातल्या निवृत्त खलाशाने, किनाऱ्याला न परतलेल्या होडीचं नाव कळवायचं होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं, मला एकदाही कळलं नाही. आवाज उशीखालून आल्यासारखा.

आमचं सगळ्यांचं बोलणं डोंगरावरचा रिपीटर पुढे पोचवतो आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. त्यामुळे दोष त्याचाच धरून भर उन्हात वर गेलो आणि त्याचा आवाज वाढवला. काका तसेच घुसमटलेले, बाकी सगळ्यांचे आवाज मात्र फाटायला लागले.

शेवटी घरी येऊन फोन केला. "काका, तुमचा माइक बघा जरा."

"त्याला काय धाड भरलीय? खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून ठेवलीय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आणि तुम्हीच तर रोज सांगता, काका, आवाज छान येतोय!"

सांगतो खरं. मीही सांगतो. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, तुमचं काही कळत नाही? पण वादळ खरं असतं, तर ती होडी आम्ही कुठे शोधली असती? तुम्ही असता तर काकांना स्पष्ट सांगितलं असतंत का?

उद्याचं काम: डोंगरावर जाऊन रिपीटरचा आवाज पहिल्यासारखा करणे.