समोर कोणी नाही

पक्षाघातानंतर शेजारच्या दामलेकाकांचे हात हलत नाहीत आणि आवाज खोलीबाहेर पोहोचत नाही. त्यांच्या लिनक्सच्या संगणकावर मजकूर आपोआप वर सरकतो, ते वाचतात. दिवसातलं तेवढंच त्यांचं स्वतःचं. पण स्क्रीन मध्येच लॉक होऊन पासवर्ड मागायची. स्क्रीनसेव्हर मी आधीच बंद केला होता. काल दुपारी गेलो, तेव्हा काका लॉक झालेल्या स्क्रीनकडे पाहत पडून होते.

“अरे, मी इथंच आहे, हे त्या गाढवाला सांग की!”

कारण सापडलं. वीजबचतीच्या सेटिंगमध्ये स्क्रीन लॉक करण्याच्या वेगळ्या पर्यायापुढे बरोबरची खूण होती. कीबोर्ड किंवा माऊस हलला नाही, तर समोर कोणी नाही, असं यंत्र धरून चालतं. वाचणारे डोळे त्याच्या हिशेबात नसतात. मी खूण काढली.

“मी दोनदा डोकावले हो,” काकू दारातून म्हणाल्या. “इथून पाठच दिसते. हलत नव्हते, म्हणून झोपलेत असं वाटलं. पाय न वाजवता परत गेले.”

“दोन्ही वेळा जागा होतो,” काका म्हणाले.

काकू आत येऊन त्यांच्या उशाशी बसल्या. स्क्रीनवर मजकूर पुन्हा सरकू लागला होता. त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हतं.