अव्वाला केनियाला न्यायचं ठरलं तेव्हा

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि उदगीर जिल्हा करा म्हणून आमचा बाजार दर थोड्या दिवसांनी बंद होत होता, त्याच उन्हाळ्यात आमच्या घरात सिंह बघायला जायचं ठरत होतं. हे मी मोंढ्यात कुणाला सांगितलं नाही. तुरीची आवक नाही, हमाल पोत्यांवर झोपून राहिलेत आणि आडत्या आफ्रिकेला निघालाय, हे ऐकून लोक माझ्याविषयी जे काही बोलले असते ते खोडून काढायला माझ्यापाशी काही नव्हतं.

आफ्रिका ही माझी हौस नव्हती. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न झाल्यापासून केनियात राहते. दाजी तिथल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. आपल्या भागातले असे बरेच जण तिकडे गेले आणि दर दिवाळीला आता कायमचं परत येतो म्हणत राहिले. दाजीही म्हणत राहिले. मग एका सकाळी अंघोळीला जाता जाता छातीत कळ आली आणि ते तिकडेच गेले. आम्ही कुणी जाऊ शकलो नाही. अव्वाचा, म्हणजे आमच्या आईचा, पासपोर्टच नव्हता आणि माझा कधीच संपून गेला होता. अक्काला मूलबाळ नाही. सगळ्यांना वाटलं, आता ती परत येईल. ती आली नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवायची, ती शिकवतच राहिली.

आमच्याकडे माणूस गेलं की भेटायला जावं लागतं. त्याला काही तोड नाही. न बोलावता जायचं, दारात बसायचं, रडायचं, चहा नको म्हणायचं आणि मग घ्यायचा. अव्वा या कामासाठी एसटीने बिदर-भालकीपर्यंत जाऊन आलेली बाई. ज्यांचं नाव आम्हाला नीट आठवत नाही अशा चुलत-मावस नातलगांकडेही ती बसून आली होती. पोटच्या मुलीकडे तेवढं जाणं झालं नाही. अक्कासाठी घेतलेली दुखवट्याची साडी कपाटात घडी न मोडता पडून होती आणि अव्वा ते कपाट उघडायचं टाळत होती.

शेवटी अक्कानेच फोन केला. ती म्हणाली, रडायला येणार असाल तर येऊ नका, फिरायला येणार असाल तर या. आधी तिच्याकडे थोडं राहायचं, मग सगळ्यांनी मिळून जंगलात जनावरं बघायची, मग मोंबासाला समुद्रावर. तिने एका दमात हे सगळं सांगितलं आणि आवाज फुटायच्या आत फोन ठेवला. त्यानंतर आमच्या घरात या जाण्याला सगळे जण सहल म्हणू लागले. कशासाठी चाललोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

सहल म्हटल्यावर माझी बायको कामाला लागली. तिने मोबाईलवर व्हिडिओ बघून जंगलाचं इतकं ज्ञान मिळवलं की ती मला जेवताना चित्ता आणि बिबट्या यांतला फरक समजावून सांगायची. मी दोघांपासूनही लांब राहणार होतो, त्यामुळे मला फरक पडत नव्हता.

लातूरला एक एजंट सापडला. भला माणूस. त्याच्या टेबलावर प्लास्टिकचा जिराफ होता आणि भिंतीवर समुद्राचा एवढा मोठा फोटो की त्याच्यासमोर बसून अर्धा ग्लास पाणी पिताना चोरी केल्यासारखं वाटायचं. पाणी अर्धाच ग्लास मिळायचं. त्या वर्षी लातुरात पाहुण्याला पूर्ण भरलेला ग्लास देणारा माणूस मी पाहिला नाही आणि तसा कुणी दिला असता तर त्याच्या डोक्याची शंका आली असती. एजंट स्वतः आफ्रिकेला गेलेला नव्हता. पण बोलायचा असा, की कालच सिंहाला भेटून आलाय.

त्याने आम्हाला पडद्यावर रानातल्या जनावरांचे कळप दाखवले. गाईसारखी दिसणारी, दाढीवाली हजारो जनावरं नदीत उड्या टाकत होती. ती दरवर्षी चारा-पाण्याच्या शोधात एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि हे बघायला जगभरातून लोक येतात, असं तो म्हणाला. अव्वाने बराच वेळ पाहिलं. आमच्या गोठ्यातली देवणी जातीची गाय आम्ही त्याच महिन्यात चारा छावणीत नेऊन बांधली होती. यांच्यासाठी सरकार छावणी काढत नाही का, असं अव्वाने विचारलं. एजंट म्हणाला, नाही, यांचं यांनाच बघावं लागतं. अव्वाला ते पटलं नाही. शिवाय ही जनावरं मागून फार बारीक आहेत, देवणीच्या बाजारात यांना कुणी हात लावणार नाही, असंही तिने त्याला सांगितलं. त्याने मान हलवली.

मग त्याने कपड्यांचं सांगितलं. जंगलात मातकट रंगाचे कपडे घाला, निळं काही नेऊ नका, निळ्या रंगावर एक चावरी माशी येते. अव्वा आणि माझी बायको एकमेकींकडे बघत राहिल्या. दुखवट्याची साडी निळी होती. ती जंगलात नेसायची नाही, घरीच नेसायची, असा बायकोने तोडगा काढला. एजंटाला कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

अडचण वेगळीच होती. अव्वा नको म्हणत नव्हती आणि हो पण म्हणत नव्हती. पासपोर्टसाठी ती आली, फोटोला बसली, पिवळ्या तापाच्या सुईबद्दल तिने ऐकून घेतलं. पण तारीख धरायची वेळ आली की तिला काहीतरी आठवायचं. पहिल्यांदा नळ आठवला. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते देवालाही माहीत नसायचं. ज्या घरात माणूस नाही त्या घराची टाकी कोरडी. मी शेजाऱ्याला किल्ली दिली, वर त्याला आमच्यातलं अर्धं पाणी कबूल केलं. तो इतका खूश झाला की आम्ही कधी निघणार हे रोज विचारायला लागला.

मग तिला गाय आठवली. गाय छावणीत आमच्या घरापेक्षा सुखात होती, ते जाऊन दाखवून आणलं. मग गळ्यातलं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आठवलं. विमानतळावर अंगावरची चांदी काढून लोकांच्या चपलांशेजारी ठेवायला लावतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. लिंग अंगावेगळं करायचं नाही ही आम्हा लिंगायतांत साधी गोष्ट आहे, तिच्यावर चर्चा होत नाही. एजंटाने दोन-चार ठिकाणी फोन करून, काढायला लावायच्या आत सांगा, हाताने तपासतील, असं कळवलं. आता मी चिडलो होतो. एक अडचण मिटवावी तर दुसरी उभी, असं दोन महिने चाललं होतं आणि तिकडून अक्का रोज फोन करून, काय झालं, काय झालं, विचारत होती. एकदा तर मी अव्वाला सरळ म्हणालो, तुला यायचं नसेल तर तसं सांग, मी तिला कळवून टाकतो. ती उठून भाकरी करायला गेली. मला त्याचं वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

शेवटच्या वेळी आम्ही लातूरला गेलो ते विम्याचं ठरवायला. एजंटाने विम्याचा कागद पुढे ठेवून सामान हरवलं तर काय, आजारी पडलं तर काय, हे खणखणीत आवाजात सांगितलं आणि मग आवाज खाली आणून, काही अघटित झालं तर तीही जबाबदारी कंपनी घेते, असं म्हणून पटकन पुढे गेला. अव्वाने त्याला थांबवलं. आतापर्यंत तिने त्याला जनावरांशिवाय काही विचारलं नव्हतं.

“मी तिकडं मेले तर हिकडं आणता का?”

एजंट म्हणाला, मावशी, असं कशाला बोलता. अव्वा म्हणाली, बोलायचं न्हाई तर तुम्ही लिहिलं कशाला. मग तो म्हणाला, आणतात. विमानाने, पेटीत घालून, घरापर्यंत.

“बसवून आणता का झोपवून?”

एजंटाने माझ्याकडे पाहिलं. तो आमच्यातला नव्हता, त्याला सांगावं लागलं. आम्ही माणसाला जाळत नाही. खड्डा खणून त्यात मांडी घालून बसवतो, गळ्यातलं लिंग हातावर देतो आणि माती लोटतो. आमच्या शेताच्या बांधाजवळ अप्पा, म्हणजे आमचे वडील, असे बसलेले आहेत. त्यांच्या शेजारची जागा अव्वाची. तिथे आम्ही कधी नांगर घातला नाही. त्या वर्षी बोअर पाडायला गाडी बोलावली तेव्हाही, या जागेला धक्का लागू नये म्हणून अव्वा उन्हात तिथे जाऊन उभी राहिली होती.

हे सगळं सांगता सांगता माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. दोन महिने ती नळ आणि गाय पुढे करत होती, कारण हे मुलाला कसं विचारायचं ते तिला समजत नव्हतं. माझी मला लाज वाटली.

एजंट भला होता असं मी आधी म्हटलंच आहे. त्याने खरोखर विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीला त्याने सगळं समजावलं, तिने तिच्या साहेबांना विचारलं, मध्ये बराच वेळ गाणं वाजत राहिलं. उत्तर आलं, पेटी आडवीच असते आणि कागदपत्रांना किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. एजंटाने हे अव्वाला असं सांगितलं, जणू त्याची स्वतःची चूक होती. तेवढे दिवस गेल्यावर माणूस बसत नाही, हे त्याच्याखेरीज तिथे सगळ्यांना माहीत होतं.

मला वाटलं, संपलं. अक्काला काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करू लागलो. बायकोने अव्वाच्या हातावर हात ठेवला.

अव्वा म्हणाली, “मग नका आणू. तिथंच बसवा.”

मी म्हणालो, “अव्वा, अप्पांशेजारची जागा तुझी हाय.”

“अप्पांपाशी तुम्ही सगळे हावत. तिच्यापाशी कोण हाय?”

 अव्वा हिशेब पुरा करून बसली होती. दाजी गेले तेव्हा तिथली माणसं त्यांना जाळायला निघाली होती. अक्काने एकटीने त्यांना थांबवलं, खड्डा कसा खणायचा ते खड्ड्याच्या काठावर उभं राहून सांगितलं, आणि नवऱ्याला आपल्या हाताने बसवून घेतलं. हे तिने आम्हाला फोनवर एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही. मी ते ऐकून दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो होतो. अव्वा तेव्हापासून त्या खड्ड्याच्या काठावर मुलीशेजारी उभी होती, हे मला लातूरच्या त्या ऑफिसात कळलं.

“तिला येतंय आता बसवायला,” अव्वा म्हणाली. “माझंबी करंल नीट.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. बायकोही रडत होती. एजंटाने आमच्यापुढे पाणी सरकवलं, आणि हळूच विचारलं, मावशींचं परतीचं तिकीट काढायचं की कसं.

“काढा की,” अव्वा म्हणाली. “न्हाई मेले तर यावंच लागंल.”

त्याने तिघांचीही परतीची तिकिटं काढली.