नातलीनबायची अर्धी प्रार्थना

आमची ओटी खुरसासमोरच आहे. खुरीस म्हणजे गावच्या वाटेवरचा दगडी क्रूस. मे महिनाभर आमच्या मढ गावच्या ख्रिस्ती बाया संध्याकाळी त्याच्यापुढे माळ घेऊन बसतात. मी हिंदू कोळीण, माझी देवी वेगळी. पण लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे, त्यामुळे त्यांची सगळी प्रार्थना मला पाठ आहे. न ऐकून सांगते कुणाला, लाउडस्पीकर माझ्याच भिंतीला बांधतात, आणि विचारतही नाहीत.

माळ सांगायची नातलीनबाय. रीत अशी की एकीने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली अर्धी. नातलीनबाय स्वर्गातल्या बापाला हाक मारायची, त्याचं नाव, त्याचं राज्य, सगळं म्हणून थांबायची. मग बाया रोजची भाकर मागायच्या आणि माफी मागायच्या: आमचं ज्यांनी वाईट केलं त्यांना आम्ही जशी माफी देतो, तशी तू आम्हाला दे. नातलीनबायचा आवाज खणखणीत. पाय सुजले तरी सांगायची जागा तिने कुणाला दिली नाही. गाव म्हणायचं, काय भक्ती आहे बाईची. मीही म्हणायचे.

तिचा मेल्विन समुद्रात बुडाला त्याला आता बरीच वर्षं झाली. तो काकाच्या, इनासच्या होडीवर होता. आभाळ भरून आलं तशा बाकीच्या होड्या खाडीकडे वळल्या. इनासला मात्र भरलेलं जाळं सोडवेना. लाटेने मेल्विनला ओढून नेलं आणि इनास तेवढा परत आला. नातलीनबायचा तो सख्खा दीर, घराला घर लागून. त्या दिवसापासून तिने अबोला धरला. इनासने समुद्र सोडला, चर्चही सोडलं. दारात बसून लोकांची जाळी शिवत राहिला. मला त्याची कधी कीव आली नाही. माझं पोर असतं तर मी कोयता घेऊन त्याच्या दारात गेले असते, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंही होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी आम्ही दोघी वाळलेले बोंबील काढत होतो. मी आपली थट्टा केली. म्हटलं, बाय, इतकी वर्षं ऐकतेय, पण तुझ्या तोंडून प्रार्थनेचं दुसरं अर्धं एकदाही ऐकलं नाही. येत नाही की काय तुला?

तिचे हात थांबले.

"येते ना, शकु. म्हनूनच नाय बोलत."

मग बोंबलांकडे बघतच तिने सगळं सांगितलं. मेल्विन गेल्यावर पहिल्यांदा प्रार्थनेला बसली तेव्हा माफीच्या ओळीवर ती थांबली. इनासला तर तिने माफ केलंच नव्हतं. मग ती ओळ म्हणायची म्हणजे, देवा, मलाही माफ करू नकोस, असं आपल्याच तोंडाने मागायचं. त्याच सुमारास माळ सांगणारी म्हातारी वारली आणि नातलीनबाय पुढे झाली. सांगणारीला ती ओळ म्हणावी लागत नाही ना. गावाला भक्ती दिसली, आणि आपण मात्र देवाच्या पुढ्यात बसून देवापासून लपलो, असं ती म्हणाली.

आम्ही देवीपुढे नवस बोलतो, विसरतो, पुन्हा बोलतो. आणि ही बाई देवाशी खोटं बोलायला नको म्हणून एका वाक्याला वळसा घालून एवढी वर्षं जगली.

त्यानंतर ती खुरसाकडे फिरकलीच नाही. दुसरीच कुणी अडखळत माळ सांगायची. वाट लावली मी, असं मला झालं. नातलीनबायचा आडोसाच मी काढून घेतला होता. मे संपायच्या दिवशी संध्याकाळी मी ओटी झाडत होते, तर नातलीनबाय इनासच्या दारात उभी. इनास धडपडत उठला, मांडीवरचं जाळं खाली पडलं.

"चल," ती म्हणाली. "आज माळ तू सांग."

"मना नाय जमनार, वयनी."

"तुला अर्धंच बोलाचं हाय. बाकीचं अर्धं माझं."

तो आला. खुरसासमोर गुडघे टेकून बसला. पलीकडच्या बंगल्यात सिरीयलचं शूटिंग चाललं होतं, त्यांचा जनरेटर घरघरत होता. इनासने अडखळत पहिलं अर्धं म्हटलं आणि तो थांबला. आता बायांची पाळी होती, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. एकट्या नातलीनबायने भाकर मागितली आणि तिथेच तिचा आवाज अडला. मी झाडू धरून तशीच उभी राहिले. मग तिने ती ओळ म्हटली. नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता, बारीक आणि चिरका होता, पण शब्द न् शब्द ऐकू आला. इनासने कपाळ जमिनीला टेकलं.

मला वाटलं, झालं, सुटली बाई. पण माळेत ती प्रार्थना एकदाच येत नाही. मधे मरियेच्या प्रार्थना होतात आणि ती परत येते. दुसऱ्या वेळी नातलीनबाय पुन्हा अडली, पहिल्यापेक्षा जास्त. इनास थांबला. बायाही थांबल्या. तिने पुन्हा म्हटली. माफ केलं की एकदाचे हात झटकता येतात, असं मी समजत होते. ही बाई तर वळून वळून त्याच दारात येत होती.

यंदाही माळ इनासच सांगतो आणि ती उत्तर देते. कधी ओळ सरळ येते, कधी येत नाही. मेल्विनच्या वाढदिवशी तर बराच वेळ गेला. इनास मान खाली घालून बसला होता, कुणी खोकलंसुद्धा नाही. अशा वेळी मी हातातलं काम टाकून ओटीवर येते. मला तर वाटतं, कुणाचाही असो, देव त्या थांबलेल्या जागी तिच्याबरोबर थांबलेला असतो. मग तिचा आवाज येतो, आणि मी आत जाऊन देवीपुढे दिवा लावते.