आखरावरची गायकीन

रोज सकाळी आखरावर ती प्रत्येक ढोराच्या नाकाला उलटा हात लावायची. "वलं. चाल." पुढचं ढोर. "वलं. चाल." मग एखाद्यापाशी थांबायची. "सुकं. घरी ने." एवढंच तिचं बोलणं.

आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी गावची ढोरं तिथे जमायची आणि गायकी त्यांना जंगलात चारायला न्यायचा. आमच्या गावात गायकी नव्हता, गायकीन होती. नवरा तापाने गेल्यावर त्याची काठी तिने उचलली. वाघाच्या जंगलात दिवसभर फिरायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून गावाने चालवून घेतलं. नंतर मात्र उपकार केल्यासारखं सांगत राहिलं. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. त्याच्यावाचून गावाचं अडतं, पण त्याला ओसरीवर बस असं कोणी म्हणत नाही.

नाक सुकं म्हणजे ढोराच्या अंगात ताप. हे तिला नवऱ्याने शिकवलं होतं. ज्याला ताप, त्याला ती कळपात घ्यायची नाही. एकदा गावातल्या मोठ्या घरची गाय तिने परत पाठवली. घरधनी चिडून आखरावर आला.

"कोणाची गाय हाय, ठावं हाय ना तुले?"

"नाकावर नाव नाई लिवलं ना, भाऊ."

सगळे हसले. तो हसला नाही. गाय मात्र घरी गेली.

ज्याचं ढोर परत यायचं, त्याच्या घराकडे गाव वाकड्या नजरेने बघायचं. बुळकांडी म्हणजे ढोरांची साथ, पण तिचं नाव कोणी घेत नसे. नाव घेतलं की ती येते, असं मानायचे. 'त्यांच्याकडे माता आली' इतकंच म्हणायचं. मग त्या घरचं ताक कोणी नेत नसे, त्या घरच्या बैलाशेजारी कोणी आपला बैल जुंपत नसे. म्हणून बाया तिच्यावर करवादायच्या.

"आली मोठी डॉक्टरीन! ढोरं राखाची सोडून नाकं चिवडून राह्यली."

"चिवडतो म्हणूनच हायेत ढोरं," ती म्हणायची आणि चालू लागायची.

मला लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आमच्याकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक. दोन्ही मिळून जोडी. एक दिवस त्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, चिखल करायचा, एक दिवस आमच्या. आषाढात धानाची रोपं, पऱ्हे, रोवणीला आली आणि रोवण्याच्या आदल्याच सकाळी आमच्या गाईने तोंड फिरवलं. चारा घेईना. नाक झाडाच्या सालीसारखं कोरडं.

सासू म्हणाली, "शेजाऱ्याले समजलं तं बैल नाई देणार. रोवणा गेला समज."

"घरीच बांधू मंग."

"घरी बांधली तं आखरावर बोंब होईन. फडकं भिजव."

सासूने सांगितलं खरं, पण फडकं माझ्या हातात होतं. गाईचं नाक नीट ओलं केलं आणि तिला आखरावर नेलं. गायकीनीने उलटा हात लावला. तो जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

"रोवणा कवा हाय तुमचा?"

"उद्यापासून."

तिने हात काढला. "वलं. चाल."

मी लगबगीने घरी आले. फसवलं, असं वाटलं. चांगलंही वाटलं, ते कशाला लपवू.

रोवणा आटोपला. गाय मेली. आठवड्याने आखरावर बसलेली ढोरं उठेनात. तोंडात फोड, मागून रक्त. शेजाऱ्याचा बैल गेला, आमचा वाचला. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाला मेलेल्या ढोरांच्या वासाने उभं राहवत नव्हतं. गायकीनीची स्वतःची एकच कालवड होती, तीही गेली.

गावाने तिला पारावर बोलावलं.

"तू तं रोज नाकं पायते. मंग हे आलं कुठून?"

"माह्या हातून चूक झाली."

"कोणाचं ढोर होतं?"

"आठोत नाई."

मी बायांमध्ये उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तोंडाला पदर लावून गप्प राहिले. तिची काठी काढून घेतली, तेव्हाही गप्पच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपात तांदूळ घेऊन तिच्या खोपटात गेले. ती बोचकं बांधत होती.

"बाई, तुले समजलं नव्हतं का?"

"पाणी येगळं वलं रायते, ढोराचं नाक येगळं. इतकंही नाई समजत का मले?"

"मंग काऊन जाऊ देल्लं?"

बोचक्याची गाठ आवळत ती म्हणाली, "रोवणा बुडला असता तं तुया सासूनं तुयाच पायगुण काढला असता. मले वाटलं, जंगलात येगळी बांधीन. बांधलीबी. दावं तोडून बोडीवर आली पाण्याले, सगळ्याइच्या मंधात."

मी सूप तिच्यापुढे सरकवलं.

"जाय आता. कोणी पायलं तं इचारतीन, इथी काऊन आली म्हणून."

तांदूळ तिने ठेवून घेतले. नाही म्हणण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती. संध्याकाळच्या आत ती वैनगंगेपलीकडे भावाच्या गावी निघून गेली. पुन्हा आली नाही.

आठ-दहा दिवसांनी चांद्याहून ढोरांचा डॉक्टर आला. लोकांनी उरलीसुरली ढोरं जंगलात लपवली. सुई टोचली की गाभण गाय गाभ टाकते, असं कोणीतरी सांगितलं होतं. डॉक्टर उन्हात आखरावर बसून राहिला. शेवटी त्याने विचारलं, "गुरं कोण राखतं इथे? आधी त्याला कळलं असेल. त्याला बोलवा."

पुरुष बिड्या ओढत राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो पाणी प्यायला, पेटी उचलली आणि पुढच्या गावाला गेला.

त्या वर्षी आमचं धान चांगलं झालं. सासू चारचौघींत म्हणाली, सून पायगुणाची आहे. मी ते ऐकलं आणि भात वाढायला आत गेले.